विहीणबाई, तुम्ही पाठ पाहिली, मी गूळ पाहिला

विहीणबाई, तुमच्या दहाव्याला बुवांनी माइकवरून सांगितलं की तुम्ही फार शांत होतात, मितभाषी होतात, उभ्या आयुष्यात कुणाला उलटून बोलला नाहीत. मी बायकांत बसले होते. पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, मी रडतेय. मनीषाने मात्र ओळखलं आणि कोपराने ढोसलं. ती तुमची सून आणि माझी लेक, आपल्या दोघींचं तिला काय ठाऊक नाही!

पिंडाला कावळा लगेच शिवला. घाटावर बायका म्हणाल्या, सुटली बाई, कशात जीव अडकला नव्हता तिचा. तुमचा जीव कशात अडकला होता ते मला चांगलं माहीत होतं. त्या कावळ्यालाच एवढी कसली घाई झाली होती कोण जाणे.

आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तुम्ही अशा मधेच उठून जाणाऱ्यातल्या नव्हतात. समोरच्याला पार निरुत्तर केल्याशिवाय तुम्ही ताटावरून उठत नव्हता. म्हणून मी काही हे भांडण सोडलेलं नाही. बसून सगळं पुन्हा सांगते, तुम्ही ऐका.

आपली ओळखच कापडावरून झालेल्या कुरबुरीने झाली. मनीषाच्या लग्नात आमच्या मालकांनी बाजारातून शर्टाच्या कापडाचा अख्खा तागा उचलला. जांभळ्या चौकड्यांचा. मांडवगणची तुमची सगळी भावकी, खुटबावची आमची माणसं, आमच्या गुऱ्हाळावरचे कामकरी, सगळ्यांना त्याच ताग्यातला आहेर. तुम्ही मांडवातच कापड बोटांनी चोळून पाहिलंत आणि चारचौघींत मला म्हणालात, "विहीणबाई, आहेर हाय का बँडवाल्यांचा डिरेस?"

मी म्हणाले, "कापड सारखं म्हणजे मान सारखा."

"मान ऱ्हाऊ द्या. गर्दीत आपला माणूस वळखायचा कसा?"

बायका हसल्या, मी रागाने लाल झाले. पुढे त्या दिवाळीला मांडवगणची निम्मी पुरुषमंडळी त्याच शर्टात फिरत होती म्हणे. तुम्ही फोन करून मुद्दाम कळवलं होतंत.

मग दिनकर गेला. तुमचा पुतण्या, तुमच्या जाऊबाईंचा, कौसाबाईंचा एकुलता एक. बांधाला बांध लागून तुमची वावरं. त्या दुपारी तुम्ही झेंडू तोडत होतात. तिकडे विहिरीपाशी आवाज चढलेला ऐकून तुम्ही मान वर केली. दिनकर पडलेला, आणि हातात पहार घेतलेला एक माणूस उसात पळत होता. तुम्हाला त्याची पाठ दिसली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगात जांभळ्या चौकड्यांचा शर्ट. तुम्ही धावत गेलात, पोराचं डोकं मांडीवर घेतलंत. गाडी येईपर्यंत तो राहिला नाही.

पोलिसांना तुम्ही नाव सांगितलंत. भानुदास. तुमच्याच गावचा, पाण्याच्या पाळीवरून दिनकरशी आदल्या आठवड्यात त्याची जुंपली होती, ते सगळ्या गावाने ऐकलं होतं. आणि तो हंगामात असायचा आमच्या गुऱ्हाळावर. हल्ली गुऱ्हाळं यूपीची पोरं चालवतात, पण रसाची मोठी कढई, काहील, उतरवायला आमच्याकडे गुळव्या भानुदासच. रस उकळायला लागला की मळी काढायची, कधी जाळ ओढायचा, पाण्यात थेंब टाकून गोळी कधी बघायची, हे सगळं त्याच्या हाताला ठाऊक. आमच्या लग्नातला शर्ट त्यालाही मिळाला होता, आणि कामाला तो तोच घालायचा.

पोलिसांनी त्याला धरून नेल्याचं मला कळलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "पण तो तर इथं होता."

हे वाक्य बोलताना मला कळलं नाही की मी तुमच्याविरुद्ध उभी राहिलेय. कळलं असतं तरी बोललेच असते. तुमच्या अंगावर दिनकरचं रक्त वाळलेलं होतं आणि मी म्हणत होते, तुम्ही पाहिला तो माणूस तो नव्हे. आणि आपल्या दोघींच्या मधे मनीषा, नव्या संसारात, सासूच्या घरात आईचं नाव काढायची चोरी झालेली. त्या दिवसांत ती मला फोन करायची तो गोठ्यात जाऊन. मी विचारायचे, "तुला काही बोलतात का गं?" ती म्हणायची, "न्हाई आई. आत्या काहीच बोलत न्हाईत, त्याचीच भीती वाटती."

तुम्ही गप्प! बुवांनी सांगितलेली ती मितभाषी बाई तेवढ्याच काळात होती, विहीणबाई.

तुमची साक्ष झाली त्या दिवशी मी पुण्याच्या कोर्टात आले होते. पण वकिलांनी मला आत बसू दिलं नाही. माझीही साक्ष व्हायचीय, दुसऱ्याची ऐकायची नाही, म्हणाले. मी व्हरांड्यात बाकावर बसले. तरी तुमचा आवाज येत होता. वावरात मोटारीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा तुम्ही न्यायाधीशांशी बोलत होतात.

"तोंड पाहिलं का?" बचावाच्या वकिलांनी विचारलं.

"न्हाई. पाठ पाहिली."

"मग ओळखलं कशावरून?"

"आंगलटीवरनं. डोक्याला टावेल, गुळव्ये बांधत्यात तसा. आन् शर्टावरनं. जांभळ्या चौकड्यांचा."

"असा शर्ट आणखी कुणाकडे आहे?"

इथे तुमचा आवाज थांबला. आत काय झालं ते मला नंतर मनीषाने सांगितलं. तुम्ही मागे वळून पाहिलंत. बाकावर कौसाबाई बसल्या होत्या, मुलाचा फोटो पिशवीत घालून आणलेला. त्यांच्या शेजारी तुमचा सचिन, माझा जावई. "मला माहीत न्हाई" म्हणाला असतात तर कुणी तुमचं तोंड धरलं नसतं. सरकारी वकील तर मान हलवून तुम्हाला तेच सुचवत होते म्हणे. तुम्ही पदराने कपाळ पुसलंत.

"लई जणांकडं हाय," तुम्ही म्हणालात. "माझ्या पोराच्या लग्नाचा आहेर हाय त्यो. समद्या भावकीला दिलाय. माझ्या घरात बी हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. व्हरांड्यात मला हुंदका आला. आमच्या मालकांनी घासाघीस करून घेतलेलं ते कापड, आणि तुम्ही मांडवात केलेली ती थट्टा, सगळं तिथे कोर्टात येऊन उभं राहिलं. आपला माणूस ओळखायचा कसा, हे तुम्हीच विचारलं होतंत.

त्या उत्तराचं काय झालं ते तुम्ही भोगलंत. पोलीस पुन्हा गावात आले, शर्ट असलेल्या प्रत्येकाला विचारत. तुमच्या सचिनलाही विचारलं. तो रांजणगावच्या कंपनीत ड्युटीवर होता, गेटवरच्या मशीनवर त्याचं बोट उमटलं होतं, म्हणून सुटला. आणि कौसाबाईंनी तुमच्याशी बोलणं टाकलं. त्यांना वाटलं, आपल्या पोराच्या खुन्याला मोकळं करायची वाट तुम्हीच दाखवली. एका आईला ते वाटणारच. मलाही वाटलं असतं.

माझ्या साक्षीच्या दिवशी तुम्ही आलात, हे मी कधी विसरणार नाही. तुमची साक्ष होऊन गेली होती, तुम्हाला आत बसायची मुभा होती. भल्या सकाळच्या एसटीने आलात आणि शेवटच्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसलात. मी पिंजऱ्यात उभी राहिले आणि पहिली नजर तुमच्यावर गेली.

सरकारी वकील तरुण होते, चुणचुणीत. "आरोपी गुऱ्हाळावर होता, हे तुम्ही पाहिलं?"

"रस काहिलीत पडला तेव्हा होता. गूळ साच्यात भरला तेव्हाही होता."

"आणि मधे?"

"मधे मी वस्तीवर गेले होते. कामगारांच्या भाकरी करायच्या होत्या."

"म्हणजे मधलं तुम्ही पाहिलं नाही."

"गूळ पाहिला."

ते हसले. मी सांगितलं, गुळव्या काहिलीपासून हलला तर गूळ लागतो, करपतो. त्या दुपारचा गूळ सोन्यासारखा उतरला होता. ते म्हणाले, दुसऱ्या कुणी लक्ष ठेवलं असेल. मी म्हणाले, ती पोरं जाळ घालणारी, त्यांना अंदाज नाही. मग त्या पोरांना का आणलं नाही? हंगाम संपल्यावर गेली ती आपापल्या मुलखाला, पत्ता ना फोन. भानुदासचा मोबाईल त्या वेळी गुऱ्हाळावरच होता, हे आमच्या वकिलांनी दाखवलं, तर हे म्हणाले, मोबाईल चार्जिंगला होता, माणूस होता कशावरून? मोटारसायकलने पूल ओलांडला की मांडवगण किती लांब? मग त्यांनी विचारलं, "तो गूळ आज कुठे आहे?"

मी म्हणाले, "लोकांनी खाल्ला."

सगळं कोर्ट हसलं. शेवटच्या बाकावरून तुम्हीही हसलात. मी पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत मी झाडाखाली एकटी बसले होते. तुम्ही आलात, माझ्या शेजारी टेकलात आणि डबा उघडलात. आमचे वकील दुरून डोळे वटारत होते. मी म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"साक्ष येगळी आसंल. भाकर मनीषानं एकाच तव्यावर केलीया. खा."

आपण मेथीची भाजी आणि भाकरी खाल्ली. मग कागदाने बोटं पुसत म्हणालात, "विहीणबाई, म्या त्वांड पाहिलं न्हाई. तुमी बी मधलं पाहिलं न्हाई. मंग आपुन दोघी आलो कशाला हितं?"

त्याचं उत्तर मला आज सुचतंय. जेवढं पाहिलं तेवढंच सांगायला आलो होतो. त्याच्यापुढे एक शब्द तुम्ही वाढवला नाहीत आणि मीही नाही, दोघींनाही वाढवायचा मोह होता तरी.

निकाल लागला. माझी साक्ष पुरेशी नाही, आरोपी त्या वेळी गुऱ्हाळावर होता हे नक्की सिद्ध होत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. पण ते सिद्ध झालं नाही म्हणून तो खुनाच्या जागी होता असंही धरता येत नाही. तुमच्याबद्दल म्हणाले, बाई खरं बोलते आहे, पण पाठीवरून आणि गावभर असलेल्या शर्टावरून ओळख पक्की होत नाही. संशयाचा फायदा देऊन भानुदासला सोडलं. तुमची अर्धी साक्ष घेतली, माझी अर्धी ठेवली. घरी येताना मनीषा म्हणाली, "आई, दोघी बी खऱ्या ठरल्या." मी तिला म्हणाले, "दोघींनाही कुणी पुरतं मानलं नाही."

त्यानंतरही तुम्ही माझ्याशी बोलत राहिलात, जेवायला वाढत राहिलात, नातवाच्या बारशाला मला मानाची साडी नेसवलीत. पण आमचा गूळ खाणं सोडलंत. दरवर्षी पहिल्या काहिलीची ढेप मी पाठवायचे. ती सगळं घर खायचं, नातू तर खिशात घालून शाळेत न्यायचा. तुम्ही मात्र साखरेचा चहा प्यायचात, माझ्यासमोर, चमचा जरा जास्तच वाजवत.

आणि आपलं भांडण चालू राहिलं. संक्रांतीला, पोळ्याला, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत.

"तुमचा गुळव्याच व्हता त्यो."

"नव्हता, विहीणबाई."

"डोळ्यानं पाहिलं का?"

"गूळ पाहिला."

मग आपण दोघी हसायचो, आणि पंगतीतल्या बाकीच्या बायकांना वाटायचं यांना वेड लागलंय. पण हसून झाल्यावर तुमचा चेहरा पडायचा. मला माहीत होतं, तुम्हाला हारजीत नको होती. भानुदास नसेल, तर एका निरपराध माणसाला तुम्ही तुरुंगात बसवलंत, त्याची बायको त्या काळात दुसऱ्यांच्या वावरात खुरपत फिरली. आणि तो असेल, तर दिनकरला मारणारा मोकळा हिंडतोय आणि त्याला मोकळं केलंय तुमच्याच शब्दाने. दोन्हीकडून जाच तुम्हालाच होता. मी तर एकाच बाजूला होते, माझं सोपं होतं.

गेल्या महिन्यात तुमचा निरोप आला, "येताना भानुदासला आना." दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं होतं. मनीषा फोनवर रडत होती. मी भानुदासला विचारलं, तर त्याने हातातली काहील आधी उतरवून घेतली. मग म्हणाला, "चला."

तुम्ही ओसरीवर खाटेवर होता. किती वाळला होतात! भानुदास पायरीशी उभा राहिला, आत येईना. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "भानुदास, जरा पाठ फिरव. त्या शेवग्यापतूर चालत जा."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. तो चालत गेला. त्याच्या डोक्याला टॉवेल होता, सवयीने बांधलेला. तुम्ही डोळ्यांवर हाताचा आडोसा करून बघत होतात, ओठ घट्ट मिटलेले. मी खाटेची कड धरून उभी होते. तो शेवग्यापाशी पोचला, तिथेच पाठमोरा थांबला. वळला नाही. त्याचे खांदे हलत होते.

"ये माघारी," तुम्ही म्हणालात.

तो आला, पायरीवर बसला, टॉवेलने डोळे पुसले. तुम्ही म्हणालात, "चाल बी तीच ऱ्हायली न्हाई आता. तू बी म्हातारा झाला, माझे बी डोळे गेले. कशावरनं सांगू म्या?" मग त्याच्याकडून माझ्याकडे बघितलंत, माझ्याकडून त्याच्याकडे. "तवा म्या खोटं बोलले न्हाई, भानुदास. पर तुमी दोघं बी खोटं बोलत न्हाई, येवढं मला आता दिसतंय. तुझे दिवस आत गेले, त्ये माझ्यामुळं. त्ये काय मला माघारी देता यायचं न्हाई."

तो म्हणाला, "काकू, तुमच्याच बोलन्यानं मी भायेर आलो."

तुम्ही मनीषाला हाक मारलीत. "चा ठेव. गुळाचा. समद्यांना."

मनीषा तशीच उभी राहिली. "आत्या, तुम्हाला बी?"

"मंग मी काय उपाशी बसू?"

तुम्ही अर्धी बशी प्यायलात. मला वाटलं होतं, ज्या दिवशी तुम्ही आमचा गूळ खाल त्या दिवशी मी जिंकेन. तसं काही वाटलं नाही. तुमच्या हनुवटीवरचा चहाचा थेंब मी पदराने टिपला आणि तुम्ही माझा हात झटकलात, "काय ल्हान पोर हाय का म्या." मला तुमची माया आली, विहीणबाई. इतकी आली की ती मी तेव्हा बोलून दाखवायला हवी होती. नाही दाखवली. तुमच्यासमोर हळवं व्हायचं म्हणजे तुम्ही काहीतरी टोमणा मारणार, ही भीती.

निघताना तुम्ही मला वाकायला सांगितलंत आणि कानात म्हणालात, "कौशीकडं फुलं तेवढी नेत जावा."

मला ते ठाऊक होतं. दरवर्षी झेंडूच्या पहिल्या तोड्याची फुलं तुम्ही दिनकरच्या फोटोसाठी कौसाबाईंच्या ओट्यावर ठेवून यायचात. त्या दार उघडायच्या नाहीत. तुम्ही मागे फिरून घरी आलात की मग उघडायच्या. दुसऱ्या दिवशी फोटोला हार असायचा, एवढंच तुम्हाला जाता-येता त्यांच्या उघड्या दारातून दिसायचं. तुमच्या दहाव्यालाही त्या आल्या नाहीत.

काल मी गेले. मनीषा म्हणाली, "आई, तू नको, मी जाते. तू भानुदासच्या बाजूनं साक्ष दिलीस, त्या तुला उंबऱ्यात उभी करायच्या न्हाईत." पण सांगितलं तुम्ही मला होतं. फुलांची पाटी घेऊन ओट्यावर चढले आणि तुमच्यासारखी ठेवून निघणार होते. दार उघडंच होतं. कौसाबाई आत बसलेल्या.

"कोन हाय?"

"मी. खुटबावची."

त्या उठून आल्या. तुमच्यापेक्षा थकल्यात. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तिच्या वावरातली हायेत?"

"हो."

"तिनं खरंच त्वांड पाहिलं नव्हतं?"

मी म्हणाले, "नव्हतं पाहिलं, कौसाबाई. पाहिलं असतं तर परक्याचं सोडा, तिने स्वतःच्या पोरालाही सोडलं नसतं."

त्या चौकटीला टेकल्या. "मला वाटायचं, माझ्यासाठी तरी म्हनंल पाहिलं म्हून. येवढी वर्सं त्योच राग. आन् रातंदीस हे बी वाटायचं, तशी म्हनली आसती आन् त्यो नसताच, तर?" दिनकरला कुणी मारलं हे आजही कुणाला ठाऊक नाही, आणि त्या माउलीला माझ्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं.

मग त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली. ओट्यावरून नाही उचलली, विहीणबाई, हातातून घेतली. आतून सुई-दोरा आणला, उंबऱ्यातच बसल्या, मला म्हणाल्या, बसा. मी एकेक फूल देत गेले, त्या ओवत गेल्या. दिनकरचा हार झाला. तो बाजूला ठेवला आणि सुईत पुन्हा दोरा ओवायला लागल्या. डोळ्याला दिसेना, म्हणून मी ओवून दिला.

"हा कुणाला?" मी विचारलं.

कौसाबाई माझ्यावर खेकसल्या, अगदी तुमच्यासारख्या. "कुनाला म्हंजी? तिचा फोटू काय तसाच बोडका ठिवनार हायसा व्हय? फुलं द्या म्होरं."

मी फुलं देत राहिले.